कुणाच्या हातचा येसर

भामाबाईनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं आपणहून सांगितलं नाही, एवढंच.

पाच वर्षांपूर्वी माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गुरुपाद आप्पांच्या किराणा दुकानात ती पहिल्यांदा गेली, तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात येसर. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत पोळी चुरून तिच्यावर जी दाट, काळपट आमटी ओततात, तिचा सगळा जीव या येसरात असतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने, दगडफूल, खोबरं, मिरची वेगवेगळी परतायची, मग सगळं एकत्र कांडायचं. भाजताना एक हात जरी जास्त झाला तरी भाजलेल्या सगळ्या घाण्याची माती. भामाबाईचा तो एक हात कधी जास्त होत नसे.

आप्पांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"आडनाव?"

"गायकवाड."

"गाव?"

"घाटनांदूरकडचं. मालक काविळीनं गेले. लेकीच्या शाळेसाठी हिकडं आले."

गायकवाड पाटलांच्या आळीतही असतात आणि बौद्धवाड्यातही असतात. आप्पांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चव हाय. ठेवून जा. भाव मात्र मी म्हनंल तो."

भाव आप्पांनी पाडूनच दिला, पण भामाबाईला त्याचं काही वाटलं नाही. गावाकडं तिनं एकदा पापड करून विकायला काढले होते. बायका कौतुक करायच्या, किती पातळ, किती पांढरे म्हणायच्या आणि एकही न घेता निघून जायच्या. इथं माल विकला जात होता. वर्षभरात पाकिटावर 'गायकवाड येसर' असं छापलं गेलं. तिसऱ्या वर्षी लग्नसराईत आप्पांचा माणूस सकाळीच दारात येऊन उभा राहू लागला.

"बघ आरू," ती लेकीला म्हणायची, "जिभेला काय कळतंय कोन कुटला ते. माल चांगला असला की मानूस गप घेतंय."

आरोही कॉलेजात जात होती. ती म्हणायची, "माय, मग बाबासाहेबांचा फोटो पेटीत कावून हाय? भितीवर कावून न्हाई?"

भामाबाई पाकिटं मोजायला लागायची. पुढच्या खोलीत, जिथं पाकिटं भरायची आणि गिऱ्हाईक यायचं, तिथं भिंतीवर तुळजाभवानीचं कॅलेंडर होतं. ते आप्पांच्याच दुकानाचं होतं.

कालव्यावरच्या गावातून मोहनरावांची बायको वच्छलाबाई स्वतः गाडी करून आली, तो दिवस भामाबाईच्या लक्षात राहिला. मोहनराव म्हणजे त्या पट्ट्यातलं मोठं नाव. ऊस, पेट्रोलपंप, निवडणुकीत दोन्हीकडची माणसं त्यांच्या ओसरीवर. त्यांच्या रोहिणीचं लग्न चौसाळ्याच्या तोलामोलाच्या घरात ठरलं होतं. वच्छलाबाई बाजेवर बसल्या, चहा प्यायल्या, येसर चाखून पाहिला आणि भामाबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दोन हजार पान हाय बघ. पंगतीत नाव निघालं पाहिजे. दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई मला."

त्या गेल्यावर भामाबाई बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन बसली होती.

येसर वेळेवर झाला, पण त्यासाठी माय-लेकी मोंढ्यातल्या कांडप गिरणीत चार दिवस ताटकळल्या. दुसऱ्यांच्या मिरच्या संपल्याशिवाय यांचा नंबर लागत नव्हता. तेव्हाच आरोहीनं सरकारी योजनेचा अर्ज भरला. अनुसूचित जातीच्या महिलांना कांडपाची मशीन फुकट मिळणार होती.

"नको गं," भामाबाई म्हणाली. "चाललंय ते बरं चाललंय."

"हक्काचं हाय, माय. कुनाची भीक न्हाई."

मशीन आली तेव्हा रोहिणीचं लग्न होऊन महिना झाला होता. पंगतीत खरंच नाव निघालं होतं. चौसाळ्याच्या पाव्हण्यांनी आमटी तिसऱ्यांदा मागून घेतली, असं वच्छलाबाईंनी फोन करून कळवलं होतं. त्या आनंदातच भामाबाईनं टेम्पोतून मशीन उतरवून घेतली. मशीनसोबत पत्र्याचा एक बोर्ड आला होता. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत योजनेचं लांबलचक नाव, त्यात 'अनुसूचित जाती' हे शब्द सगळ्यात मोठे आणि खाली 'लाभार्थी : श्रीमती भामाबाई अंगद गायकवाड'.

तिनं तो बोर्ड बाजरीच्या पोत्यांमागं ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. चांगला माणूस होता. चप्पल बाहेर काढून आत आला, मशीन चालू करायला लावली, खुश झाला. मग त्यानं विचारलं, "बोर्ड कुठंय?"

"हाय ना, साहेब. आत हाय."

"आत नाही चालत. दर्शनी भागात लावायचा असतो. त्याचा फोटो वर पाठवावा लागतो."

"साहेब, तेवढं राहू द्या. मशीन तुमचीच हाय, मी कुनाला न्हाई म्हनत न्हाई. फक्त तो बोर्ड..."

"का?"

तिनं खाली मान घातली. साहेबाला कळलं. तो स्वतःही त्यातलाच होता आणि म्हणूनच बहुधा चिडला. "लाज वाटते का? आमच्या बापजाद्यांनी यासाठी डोकी फोडून घेतली. घ्यायला पुढं आणि लावायला मागं? बोर्ड लागला नाही तर मशीन परत जाईल, सांगून ठेवतो."

आरोही आत गेली. पोत्यामागून बोर्ड आणला, स्टुलावर चढली आणि चौकटीच्या वर चार खिळे ठोकून मोकळी झाली. साहेबानं भामाबाईला बोर्डाखाली उभं करून फोटो काढला. "हसा की, मावशी," तो म्हणाला. ती हसली. तो फोटो त्याच आठवड्यात पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर आला. मथळा होता, 'योजनेने दिले बळ : माजलगावच्या येसराची भरारी'. दुपारपर्यंत तो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी बोलावणं धाडलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून तिला मागच्या गोदामात नेलं. तिथं तिची पाकिटं खोक्यांत भरून ठेवली होती. काही फोडलेलीही होती.

"परत यायलेत, भामाबाई," आप्पा म्हणाले. "काल एकीनं अर्धं वापरलेलं पाकीट आनून फेकलं काउंटरवर."

"येसर तोच हाय, आप्पा."

"तोच हाय. मी आजबी खातो. माझ्या घरात आजबी त्याचीच आमटी हाय. मला काय फरक पडतोय?" आप्पांनी आवाज खाली आणला. "मला पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. घाटनांदूरला माझी सासुरवाडी हाय. दुसऱ्याच दिवशी इचारून घेतलतं मी."

भामाबाईनं विचारलं, "मग ठेवलात कसा?"

"धंद्याला जात नसती, बाई. माल चांगला आन् भाव कमी, तर मी कावून न्हाई ठेवनार? तुमी गप होता, मीबी गप होतो, गिऱ्हाईक खात होतं. कुनाचं काय बिघडत होतं का? आता सरकारनं बोर्ड लावला. मी काय करू? गिऱ्हाईक माझा मालक हाय."

भाव कमी का होता, ते तिला तिथं, खोक्यांच्या मधे उभं असताना कळलं. पाच वर्षं आप्पा तिच्या गप्प राहण्याचा भाव कापून घेत होते.

तिनं खोकी ऑटोत घातली आणि घरी आणली. आरोही म्हणाली, "अर्ज करू. कायदा हाय. असं मालावर बहिष्कार टाकता येत न्हाई."

"थांब जरा," भामाबाई म्हणाली. "चार दिवसांत थंड होतंय का बघू."

थंड झालं नाही. चार दिवसांनी भर दुपारी मोहनरावांची गाडी गल्लीत आली. वच्छलाबाई एकट्याच होत्या. बोर्डाकडं त्यांनी मान वर करून पाहिलं, पण उंबरा ओलांडला नाही. भामाबाई बाहेर आली. बाज आतच राहिली.

"तू मला मारलंस गं," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन हजार मानूस. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यात आमची छी-थू व्हायली. माझ्या रोहिणीला तिच्या सासूनं आठ दिवस झाले चुलीला हात लावू दिला न्हाई. म्हनती, तुमच्या घरी कुनाच्याबी हातचं चालतंय. पोरगी फोनवर नुसती रडती."

"काकू, मी काय..."

"तू सांगायचं होतंस! मी तुझ्या घरात बसले, तुझ्या कपात चहा पिले, तवा तुझ्या तोंडाला काय झालतं?" त्यांचा आवाज चढला. गल्लीतली दारं उघडली. मग त्या एकदम जवळ आल्या आणि हळू बोलू लागल्या. त्या हळू बोलण्याची भामाबाईला जास्त भीती वाटली. "आता एकच कर. माझ्यासंगं चौसाळ्याला चल. रोहिणीच्या सासूसमोर, छबुबाईसमोर सांग, लग्नातला येसर तुझा नव्हता. तुझा बिघडला, कडू झाला, म्हनून आमी वापरलाच न्हाई, आप्पांच्या घरचा वापरला. आप्पाशी बोलले मी. ते व्हय म्हनतेत."

"मी कडू करत न्हाई, काकू."

"मला काय सांगती? मला ठाऊक न्हाई का?" वच्छलाबाईंचे डोळे भरले होते. "लेकीचा संसार हाय गं. तुलाबी लेक हाय. एवढं केलंस तर आप्पा तुझा माल परत ठेवतेत. शब्द देते. आन् न्हाई केलंस तर ही खोली कुनाची हाय ते बघ. आमच्या यांच्या भावबंदाचीच हाय."

आरोही घरी नव्हती. असती तर भामाबाई गेली नसती, असं पुढं भामाबाई स्वतःलाच सांगायची. पण तेव्हा तिनं फक्त आत जाऊन पदर नीट करून घेतला, दाराला कडी लावली आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली. सीटवर आधीच एक पोतं अंथरलेलं होतं.

चौसाळ्याच्या घरात अंगण मोठं होतं. घरची माणसं खुर्च्यांवर बसली. भामाबाईला कुणी बस म्हणालं नाही, तेव्हा ती अंगणातल्या फरशीच्या कडेला खाली बसली. ऊन सरळ डोक्यावर होतं. दारात रोहिणी उभी होती. लग्नाची मेंदी पार उडून गेलेली, डोळे सुजलेले.

छबुबाईंनी रोहिणीच्या दिराच्या हातात मोबाईल दिला. "शूटिंग घे. पुन्यांदा कुनी म्हनायला नको." मग भामाबाईकडं वळल्या. "सांग. आमची मानसं कुनाच्या हातचं जेवली?"

"माझ्या हातचं न्हाई."

"मोठ्यानं."

"माझ्या हातचं न्हाई जेवली. मी येसर करून दिलता, पर तो..." तिनं वच्छलाबाईंकडं पाहिलं. "बिघडला होता. म्हनून काकूंनी वापरला न्हाई."

"काय झालतं त्याला?"

वच्छलाबाई तिच्याकडं एकटक बघत होत्या.

"कडू झालता."

खुर्च्यांवरचं कुणीतरी हसलं. छबुबाई म्हणाल्या, "व्हनारच. आन् तरी आमची विहीन येसर तुमच्याकडं करायला टाकती. शिका काहीतरी, विहीनबाई." मग त्यांनी आणखी एक गोष्ट म्हणवून घेतली. 'मी जात लपवून मोठ्या घरात शिरले, माझी चूक झाली, हात जोडते.' भामाबाईनं तेही म्हटलं. हात जोडले.

रोहिणी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोन पायऱ्या उतरली असेल नसेल.

"ठेव ते आत," सासू म्हणाली. "त्यांच्याजवळ बाटली असंल त्यांची."

भामाबाईजवळ बाटली नव्हती. रोहिणी पायरीवरच थांबली, मग मागं फिरली. त्या दिवसापासून तिला चुलीला हात लावू देण्यात आला.

परत येताना वच्छलाबाईंनी गाडी माजलगावच्या बाहेरच थांबवली. गल्लीत नको म्हणाल्या, लोक बघतेत. भामाबाई उरलेलं अंतर चालत गेली.

घरी आरोहीनं ते शूटिंग आधीच पाहिलेलं होतं. कुणीतरी तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं होतं.

"तू कडू म्हनलीस?" तिनं विचारलं. "तू?"

"आप्पा माल परत ठेवनार हायत, आरू."

आरोही तिच्याकडं अशी बघत राहिली, जशी रस्त्यावरच्या अनोळखी बाईकडं बघतात.

आप्पांनी माल परत ठेवला नाही. आता तर गिऱ्हाईक दोन कारणं सांगत होतं, ते म्हणाले. एक बोर्डाचं आणि दुसरं, बाई स्वतःच म्हणते कडू होतो. वच्छलाबाईंचा फोन लागायचा बंद झाला.

आरोहीनं अर्ज केलाच. तहसीलला गेली, जिल्ह्याला गेली, तीन साहेब पालटले. शेवटी चौकशीला भामाबाईलाही बोलावलं. अधिकाऱ्यासमोर टेबलावर फाईल होती आणि फाईलशेजारी मोबाईल. त्यानं ते शूटिंग पूर्ण चालवलं. भामाबाईला स्वतःचा आवाज ऐकू आला. 'कडू झालता.'

"आता तुम्हीच सांगा," अधिकारी म्हणाला. "माल खराब होता म्हणून दुकानदारानं परत दिला. तुम्ही स्वतः कबूल करता. यात जातीचा संबंध कुठं येतो?"

"साहेब, तिच्याकडून म्हणवून घेतलंय ते," आरोही म्हणाली. "जबरदस्तीनं."

"कुणी हात धरलाय का यात? मारलंय का? गाडीत बसून गेल्या, गाडीत बसून आल्या." त्यानं फाईल मिटली. "कायदा तुमच्या बाजूनं आहे, बेटा. पण कायद्याला पुरावा लागतो, आणि पुरावा तुमच्या आईनं दिलाय. तुमच्या विरुद्ध."

तो वाईट बोलला नाही. त्यानं दोघींना चहाही मागवला. भामाबाई तो प्यायली, आरोहीनं तसाच ठेवला.

मशीन सहा महिने बंद होती. बंद मशिनी परत घ्यायचा नियम होता. घ्यायला पुन्हा तेच साहेब आले, आणि या वेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. टेम्पोत मशीन चढली, बोर्डही काढून नेला. तो पुढच्या लाभार्थीला नवीन नाव टाकून लावायचा होता. चौकटीच्या वर चार भोकं राहिली. खोली पुढच्या महिन्यात सोडावी लागली.

आप्पा मात्र तिला विसरले नव्हते. लग्नसराई जवळ आली तसा त्यांचा माणूस तिच्या नव्या पत्र्याच्या खोलीवर आला. मागच्या गोदामात आप्पांनी स्वतःची मशीन बसवली होती. पाकिटं नवीन छापली होती, त्यांच्यावर आप्पांच्या दिवंगत आईचा नऊवारीतला फोटो आणि 'आईच्या हातचा येसर' असं नाव. भाजायला माणूस पाहिजे होतं.

"रोजानं या," आप्पा म्हणाले. "मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. फोटो न्हाई, नाव न्हाई. मी तर म्हनतो, बरंच झालं. आता तुमाला कुनाचंच भ्या न्हाई."

ती जाऊ लागली. येसर त्या वर्षी पूर्वीपेक्षा जास्त खपला. वच्छलाबाईंच्या घरीही माल तिथूनच जायचा. वच्छलाबाईंना ठाऊक होतं आत कोण भाजतंय. एकदा पाकिटं घ्यायला त्या स्वतः आल्या, गोदामाचं दार अर्धं उघडं होतं आणि दोघींची नजरानजर झाली. वच्छलाबाईंनी पदर सावरला आणि आप्पांना म्हणाल्या, "दार लावा तेवढं, आप्पा. धूर यायलाय."

आरोही त्याच सुमारास पुण्याला गेली. तिथं ऑनलाईन मालाच्या गोदामात पॅकिंगचं काम लागलं. तिथं आडनावापेक्षा हाताचा वेग बघतात, असं तिनं पहिल्यांदा कळवलं. पुढच्या फोनवर म्हणाली, खोलीतल्या पोरींनी विचारलं, कुठले गायकवाड, आणि मी सांगून टाकलं. मग काय झालं, असं भामाबाईनं विचारलं नाही. आरोहीनं सांगितलं नाही. महिन्याभरात तिनं खोली बदलली, एवढं कळलं.

दिवाळीला ती दोन दिवसांसाठी आली. भामाबाईनं गोदामातून चिमूट-चिमूट करत जमवलेला येसर काढला, पोळ्या केल्या, आमटी केली. पत्र्याखाली वास भरून राहिला. आरोहीनं ताट समोर ओढलं, पोळी खाल्ली, भात खाल्ला, लोणचं घेतलं. आमटीची वाटी तशीच राहिली.

"खा की," भामाबाई म्हणाली. "मुद्दाम केलीय तुझ्यासाठी."

"नको."

"कावून गं? कशी झाली बघ तरी."

आरोहीनं वाटी बोटानं पलीकडं सारली. "कडू असंल," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

 बाहेर हात धुतल्याचा आवाज आला, मग थांबला. भामाबाईनं वाटी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच पिऊन टाकली.